रुग्णाची भाषा शिकलेला डॉक्टर

चीनमध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी देह ठेवणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कहाणी चित्रपटामुळे अजरामर झाली. मात्र त्या कहाणीतील वैद्य काहीसा झाकोळलाच गेला. रुग्णाचे ऐकून घेणे, त्याला तपासणे आणि विचारपूर्वक निदान करणे या वैद्यकाच्या मूळ शिस्तीसाठी त्यांनी एक परकी भाषा आत्मसात केली, त्याची ही हकिगत.

सोलापूर : शहरातील भैय्या चौक परिसरात कोटणीस कुटुंबाचे घर होते. आज तेथे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे. चीनचे पाहुणे महाराष्ट्रात आले की कोटणीसांचे नाव हमखास निघते. चीनचे अध्यक्ष हू जिंताओ २००६ साली आणि पंतप्रधान ली खछ्यांग २०१३ साली मुंबईत आले, तेव्हा कोटणीस कुटुंबीयांना ते आवर्जून भेटले. सोलापूरकरांना या नावाचा अभिमान आहे. पण हे गृहस्थ चीनमध्ये नेमके काय करीत होते, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट. युद्ध, प्रेम, प्लेगची साथ आणि बलिदान यांनी भरलेल्या त्या पडद्यावरील कथेपलीकडे डॉ. कोटणीस हे सर्वप्रथम एक निष्णात आणि शिस्तीचे वैद्य होते. त्यांच्या आयुष्याचा हा धागा धरून पाहिल्यास त्यांचे मोठेपण अधिक स्पष्ट होते.

गिरण्यांचे गाव

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. भावंडांनी भरलेले, साध्या मध्यमवर्गीय चालीरीतींचे ते घर होते. त्या काळचे सोलापूर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपाठोपाठ इतर गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस सुरू होऊ लागला. कामासाठी चहूबाजूंनी माणसे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारी कुटुंबे आली. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येणारे असे शहर महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. सोलापुरात दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरला आजही एका दिवसात तीन-चार भाषांतून रुग्णाची विचारपूस करावी लागते. माणसाचे दुखणे त्याच्याच भाषेत समजून घ्यावे लागते, हा धडा या शहरातील वैद्यकाच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

याच सोलापूरने १९३० साली स्वातंत्र्यलढ्यात देशाचे लक्ष वेधून घेतले. महात्मा गांधींच्या अटकेनंतर शहरात उसळलेल्या उद्रेकामुळे ब्रिटिश सरकारने मे महिन्यात येथे लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी देण्यात आली. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. ज्या पिढीचे गावच असे पेटून उठले होते, त्या पिढीतील तरुणाला परक्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या दुसऱ्या देशाचे दुःख अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

खाटेशेजारचे शिक्षण

सोलापुरात त्या काळी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ असलेले महाविद्यालय सुरू झाले ते १९६३ साली. द्वारकानाथ यांनी मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२६ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय यांच्यामागे राष्ट्रीय बाण्याची प्रेरणा होती. येथे अध्यापनाची पदे भारतीय डॉक्टरांनीच भूषवावीत, असा संस्थेचा कटाक्ष होता. अधिष्ठातापदी डॉ. जीवराज मेहता होते. तेच पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

त्या काळचे वैद्यकीय शिक्षण मुख्यतः रुग्णाच्या खाटेशेजारी होत असे. आजच्यासारख्या रक्ताच्या शंभर चाचण्या नव्हत्या, सोनोग्राफी नव्हती, स्कॅन तर कल्पनेतही नव्हते. क्ष-किरण यंत्र मोठ्या रुग्णालयांत होते, पण प्रत्येक रुग्णासाठी नव्हे. त्यामुळे विद्यार्थ्याला सर्वांत आधी केस पेपर लिहायला शिकवीत. आधी रुग्णाचे नाव, वय, काम आणि गाव. मग मुख्य तक्रार कोणती आणि ती केव्हापासून आहे. दुखणे सुरू कसे झाले, वाढले कसे, कशाने कमी होते. पूर्वी कोणते आजार झाले, घरात कोणाला काय आहे, खाणेपिणे आणि व्यसने कोणती. हा सारा रुग्णाचा इतिहास झाला. त्यानंतर अंगाला हात लावायचा. त्यातही क्रम ठरलेला. प्रथम डोळ्यांनी पाहायचे, मग हाताने चाचपायचे, मग बोटांनी ठोकून आवाज ऐकायचा आणि अखेरीस स्टेथोस्कोप लावायचा.

या पद्धतीमागे युरोपातील दोन शतकांचा अनुभव होता. छातीवर बोटांनी ठोकून आतील स्थिती ओळखण्याची रीत व्हिएन्नाचे डॉ. औएनब्रुगर यांनी १७६१ साली प्रसिद्ध केली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव होते. पिंपावर ठोकून त्यात किती दारू उरली आहे हे ओळखण्याची युक्ती त्यांना घरातूनच ठाऊक असावी, असे सांगितले जाते. १८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि तिच्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मात्र इतिहास आणि तपासणी हातात आल्यावर खरे कसब सुरू होते. कोणकोणते रोग संभवतात याची यादी मनाशी करायची, एकेक शक्यता पुराव्यानिशी वगळायची आणि उरलेल्या निदानावर उपचार बेतायचे. हे काम कोणतेही यंत्र करून देत नाही, ही जाणीव त्या पिढीच्या डॉक्टरांच्या अंगी मुरलेली होती. द्वारकानाथ १९३६ च्या सुमारास डॉक्टर होऊन बाहेर पडले ते ही शिदोरी घेऊनच.

चीनकडे

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून रोजी देशवासीयांना आवाहन केले. निधी जमवण्यात आला, एका रुग्णवाहिकेची तजवीज झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य चौघे.

डॉ. कोटणीस त्या वेळी पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. पुढे उत्तम व्यवसाय करून कुटुंबाला हातभार लावण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. घरात चीनविषयी फारशी माहिती नव्हती. चिनी रेशीम विकत दारोदार फिरणारे फेरीवाले तेवढे पाहिलेले. अशा अनोळखी देशात, तेही युद्धभूमीवर, मुलगा जाणार म्हटल्यावर आईला दुःख होणे स्वाभाविकच होते. तरीही घराने संमती दिली. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. डॉ. कोटणीस तेव्हा अठ्ठाविसाव्या वर्षात होते.

सप्टेंबरातच पथक कँटनमार्गे हँकाऊला पोहोचले. पण महिनाभरातच कँटन आणि हँकाऊ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली आणि पथकाला पश्चिमेकडे, चुंगकिंगकडे सरकावे लागले. तेथून येनानला जाण्याची तयारी चालू असतानाच डॉ. कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घराचा कर्ता पुरुष गेला होता. परत जाण्यास सबळ कारण होते आणि सहकाऱ्यांनी ते समजूनही घेतले असते. परंतु स्वीकारलेले काम अर्ध्यावर सोडायचे नाही असे त्यांनी ठरवले. फेब्रुवारी १९३९ मध्ये हे पथक माओ त्से तुंग यांच्या नेतृत्वाखालील सेनेचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले.

दुभाष्याशिवाय तपासणी

येनानमध्ये डॉ. कोटणीस यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली, ती औषधांच्या टंचाईइतकीच मूलभूत होती. रुग्ण चिनी बोलणारा आणि डॉक्टरला ते कळत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाशी बोलावे लागत नाही, हे खरे. पण टेबलावर घ्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी बोलावेच लागते. पोटात दुखते म्हणणाऱ्या सैनिकाचे दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे सरकले का, एवढ्या एका उत्तरावर आंत्रपुच्छाचे निदान अवलंबून असते. जखम किती तासांपूर्वी झाली, रक्त थांबवण्यासाठी पट्टा केव्हा आवळला, पायाला मुंग्या येतात की स्पर्शच कळत नाही, या प्रश्नांच्या उत्तरांवर हात किंवा पाय वाचणार की कापावा लागणार, हे ठरत असते. दुभाष्यामार्फत आलेले उत्तर अनेकदा निसटते, गोळाबेरीज होऊन येते. खेड्यातील शेतकरी सैनिक आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द शहरी दुभाष्याला नेमके मांडता येतीलच असे नाही.

डॉ. कोटणीस यांनी चिनी भाषा शिकण्याचा ध्यास घेतला. ही भाषा उच्चारांना कठीण. एकच अक्षर स्वराच्या चढउतारानुसार वेगळा अर्थ देते. लिपीत हजारो चिन्हे. तरीही येनानच्या वास्तव्यात आणि पुढे आघाडीवर असताना त्यांनी बोलण्याबरोबर वाचन-लेखनावरही हुकमत मिळवली. रुग्णांशी ते थेट बोलू लागले आणि पुढे वर्गात चिनी भाषेतूनच शिकवू लागले. पथकातील डॉक्टरांनी आपल्या नावांना हुआ हे अक्षर जोडून घेतले होते. हुआ म्हणजे चीन. त्यातूनच कोटणीस यांचे के दि-हुआ हे चिनी नाव रूढ झाले आणि आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

पथकातील सहकारी प्रकृतीच्या व अन्य कारणांनी एकेक करून मायदेशी परतू लागले. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी आधी गेले, त्यानंतर डॉ. अटल. डॉ. बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले. डॉ. कोटणीस मात्र मागे फिरले नाहीत.

आघाडीवरील दिवस

१९३९ च्या अखेरीस डॉ. कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीकडे निघाले. जपानी फौजांच्या वेढ्यातील डोंगराळ मुलखात कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून काम करीत होते. स्पेनच्या युद्धात रणभूमीपर्यंत रक्त पोहोचवण्याची व्यवस्था उभारणारे डॉ. बेथून यांनी चीनमध्ये खेचरांवर लादता येईल असे फिरते शस्त्रक्रियागृह चालवले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. पेनिसिलिन तोवर रुग्णांपर्यंत पोहोचलेले नव्हते. अशा साध्या जखमेनेही डॉक्टर दगावत असे.

डॉ. बेथून यांची जागा पुढे डॉ. कोटणीस यांनी घेतली. १९४० च्या ऑगस्टमध्ये आठव्या मार्ग सेनेने जपान्यांविरुद्ध शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ओळखला जाणारा मोठा हल्ला चढवला. जखमींचे लोंढे येऊ लागले. तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमींवर डॉ. कोटणीस यांच्या पथकाने उपचार केले आणि त्यांपैकी पाचशेहून अधिक जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. एका टप्प्यावर तर ते सलग ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया करीत होते.

असा लोंढा आला की वैद्यकाची खरी कसोटी चाकूने होत नाही, निवडीने होते. आधी कोणाला घ्यायचे? जो मोठ्याने ओरडतो आहे तोच सर्वांत गंभीर असतो असे नाही. अनेकदा शांत पडलेल्या, थंडगार घाम सुटलेल्या, नाडी क्षीण आणि जलद लागणाऱ्या माणसाच्या पोटात रक्तस्राव चाललेला असतो. मिनिटभरात त्याच्याकडे पाहणे, नाडी धरणे, पोटावर हात ठेवणे आणि निर्णय घेणे भाग असते. परळच्या वॉर्डात तासभर घेऊन लिहिलेल्या केस पेपरची शिस्त येथे मिनिटावर आणावी लागत होती. ज्याच्या हातात ती शिस्त मुरलेली असते, त्यालाच हे जमते.

गावकऱ्यांतून डॉक्टर

जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणीस यांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या प्रमुखपदी नियुक्ती झाली. हपै प्रांतातील थांग परगण्यातल्या ककुंग या खेड्याच्या परिसरात हे रुग्णालय चाले. रुग्णालय म्हणजे पक्क्या इमारती, असा अर्थ येथे नव्हता. शेतकऱ्यांची मातीची घरे हेच वॉर्ड. शत्रू चालून आला की रुग्ण, औषधे, हत्यारे सारे उचलून डोंगरात जावे लागे आणि तो गेला की पुन्हा मांडामांड करावी लागे. नाकेबंदीमुळे भुलीच्या औषधांपासून कापसापर्यंत साऱ्याची चणचण असे. तेथील सुमारे दोन वर्षांच्या काळात त्यांनी नऊशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्याचे चिनी चरित्रांत नमूद आहे.

मात्र शस्त्रक्रियांच्या आकड्यापेक्षा त्यांचे दुसरे काम अधिक दूरगामी ठरले. रुग्णालयाला जोडून बेथून यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा होती आणि डॉ. कोटणीस तेथे शल्यशास्त्र शिकवीत. विद्यार्थी बहुतांशी खेड्यापाड्यांतील तरुण-तरुणी. त्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, परदेशी ग्रंथ त्यांना वाचता येत नव्हते. त्यांना थोडक्या काळात असे तयार करायचे होते, की एखाद्या दूरच्या खेड्यात, कोणतेही यंत्र हाताशी नसताना, ते रुग्णापाशी बसून योग्य निर्णय घेऊ शकतील. अशा ठिकाणी डोळे, हात, कान आणि नीट विचारलेला प्रश्न हीच साधने. सुसज्ज रुग्णालयात जी पद्धत यंत्रांची पूर्वतयारी असते, ती येथे संपूर्ण वैद्यक बनते.

या विद्यार्थ्यांसाठी पुस्तक नव्हते, म्हणून ते डॉ. कोटणीस यांनी स्वतः लिहायला घेतले. शल्यशास्त्राची सामान्य तत्त्वे सांगणारा एक ग्रंथ त्यांनी पूर्ण केला. अवयवनिहाय शस्त्रक्रियांचे विवेचन करणारा दुसरा ग्रंथ हाती घेतला. दिवसा रुग्ण आणि वर्ग, रात्री दिव्याच्या उजेडात लेखन, असा त्यांचा क्रम होता.

याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांची ओळख झाली. १९४० साली डॉ. बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघे प्रथम भेटले आणि १९४१ च्या अखेरीस विवाहबद्ध झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचेन यांनी त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

डॉक्टरच रुग्ण झाला तेव्हा

या सुखाच्या दिवसांवर एक सावट होते. डॉ. कोटणीस यांना आकडी येऊ लागली होती. अपस्माराचे निदान करण्यात एक चमत्कारिक अडचण असते. इतर आजारांत रुग्ण आपली कहाणी स्वतः सांगतो. आकडीत मात्र तो शुद्धीवर नसतो. काय झाले हे त्याला आठवत नाही. त्यामुळे इतिहास घ्यावा लागतो तो पाहणाऱ्याकडून. आकडी अंगाच्या कोणत्या बाजूने सुरू झाली, डोळे कोणीकडे वळले, जीभ चावली गेली का, किती वेळ चालली, हे शेजारच्या माणसालाच सांगता येते. दुसऱ्यांचे इतिहास घेण्यात हयात घालवलेल्या डॉक्टरला स्वतःच्या दुखण्याचा साक्षीदार होता येत नव्हते. तो इतिहास होता त्यांच्या पत्नीजवळ आणि सहकाऱ्यांजवळ.

प्रौढ वयात प्रथमच आकडी येऊ लागली, की वैद्य मेंदूतील कारण शोधतो. डोक्याला पूर्वी झालेली इजा, मेंदूतील गाठ, जंतुसंसर्ग किंवा भारत आणि चीन या दोन्ही देशांत आढळणाऱ्या फीतकृमीच्या अळ्या मेंदूत शिरणे, अशा अनेक शक्यता असतात. आकडी पाहून आणि तिचा इतिहास ऐकून अपस्मार आहे एवढे सांगता येते. मुळाशी काय आहे, हे ओळखण्यासाठी कवटीच्या आत पाहावे लागते आणि त्यासाठीचा सी.टी. स्कॅन वैद्यकाला लाभला तो १९७१ साली. औषधांचीही तीच गत. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होते. फेनिटॉइन हे अधिक गुणकारी औषध तर डॉ. कोटणीस ज्या वर्षी मुंबईहून निघाले, त्याच १९३८ साली प्रचारात आले. पण जिथे कापूस आणि भुलीचे औषध मिळणे मुश्कील, तिथे दीर्घकाळ, रोज आणि न चुकता घ्यावयाच्या या औषधांचा नियमित पुरवठा दूरच होता.

आघाडीपासून दूर जाऊन उपचार घ्यावेत, असा आग्रह त्यांना करण्यात आला. त्यांनी तो मानला नाही. आपल्या आजाराचे गांभीर्य त्यांना कळत नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. एखाद्या विद्यार्थ्याने हीच लक्षणे असलेला रुग्ण त्यांच्यापुढे मांडला असता तर त्यांनी त्याला विश्रांती, पुरेशी झोप आणि नियमित औषध यांचाच सल्ला दिला असता. जागरण आणि अतिश्रम ही आकडीला हमखास निमंत्रण देणारी कारणे. स्वतःच्या बाबतीत त्यांनी हा सल्ला बाजूला सारला. हे शौर्य होते की वैद्याने रुग्ण म्हणून केलेली चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. रुग्णालय आणि शाळा सोडून गेल्यास त्यांची जागा घेईल असा माणूस त्या मुलखात शोधूनही मिळाला नसता, हेही तितकेच खरे.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री, शल्यशास्त्राचा दुसरा ग्रंथ लिहीत असतानाच त्यांना आकडी आली. मग एकामागून एक आकड्या येत राहिल्या. सहकारी डॉक्टर आणि पत्नी रात्रभर झटत होती. ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. ते ३२ वर्षांचे होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. ग्रंथ अपुरा राहिला.

मागे उरलेले

डॉ. कोटणीस यांना प्रथम त्याच परिसरातील हुतात्म्यांच्या भूमीत दफन करण्यात आले. पुढे शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी बांधण्यात आली. डॉ. बेथून यांची समाधीही तेथेच आहे. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. क्वो छिंगलान यांनी सोलापूरच्या या सासरशी नाते अखेरपर्यंत जपले. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. दैवाचा खेळ असा, की वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून वैद्यकाचे शिक्षण घेणारा यिनहुआ १९६७ साली शिक्षण पूर्ण होण्याच्या सुमारासच मृत्यू पावला.

शिच्याच्वांगमध्ये डॉ. कोटणीस यांच्या नावाने वैद्यकीय विद्यालय चालते. तेथून बाहेर पडणारे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर रुग्णसेवेची शपथ घेतात. भारत आणि चीन यांचे संबंध १९६२ च्या युद्धाने दुरावले, पुढेही अनेकदा ताणले गेले. तरी या एका नावाविषयीचा आदर तिकडे कमी झाला नाही. त्याचे कारण राजकारणात शोधण्यापेक्षा त्या मातीच्या घरांतील वॉर्डात शोधणे योग्य ठरेल. परक्या मुलखातून आलेला एक डॉक्टर खाटेशेजारी बसून आपल्याच बोलीत दुखण्याची चौकशी करतो, ही गोष्ट जखमी शेतकरी सैनिक विसरणे शक्य नव्हते.

आज निदानाची साधने अफाट वाढली आहेत. डॉ. कोटणीस यांच्या मेंदूत काय बिघडले होते, ते आज सोलापुरातीलच एखाद्या स्कॅन केंद्रात काही मिनिटांत पाहता आले असते आणि रोजच्या गोळीने त्यांची आकडी बहुधा आटोक्यातही राहिली असती. मात्र साधने वाढली तशी रुग्णाशी बोलण्याची वेळ आटत गेली, अशी तक्रार दवाखान्यांच्या बाहेर ताटकळणाऱ्या रांगांतून ऐकू येते. अहवालांची जाडजूड फाइल पुढे सरकते आणि दुखते कुठे, केव्हापासून, हा पहिला प्रश्न राहून जातो. तो प्रश्न विचारता यावा म्हणून सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरने हजारो चिन्हांची परकी भाषा शिकून घेतली. भैय्या चौकातील स्मारकाला भेट देणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याने तेथून नेण्यासारखी हीच एक गोष्ट आहे.